सोमवारची पोटदुखी

पिंपळे गुरव
७ जानेवारी २०२५

सुमनताई,

नमस्कार. तुमच्या कानांनी संप पुकारल्यापासून आपल्या फोनवरच्या गप्पा तुमच्यापेक्षा आमच्या शेजारच्या अंजलीताईंनाच जास्त कळतात, म्हणून हे पत्र. शिवाय जे सांगायचं आहे ते तुमच्या भावासमोर बोलता येण्यासारखं नाही.

योगूचं पोट अजून दुखतं आहे. जूनपासून, म्हणजे सात महिने झाले. आठवड्यातून दोन-तीनदा पोट धरून मुटकुळं करून पडते, एखादी उलटी होते आणि तासाभराने उठून खाली खेळायला जाते. हाच तर घोळ आहे. बघणाऱ्याला वाटतं पोरगी सोंग करते. पण ताई, हिमोग्लोबिन साडेसातवर आलं आहे. नववं वर्ष चालू आहे आणि वर्षभरात वजन अर्धा किलोसुद्धा वाढलेलं नाही. सोंग करून रक्त कमी होत नाही. मी पहिल्या दिवसापासून सांगते आहे की हिला खरंच दुखतंय, पण या घरात माझं ऐकतं कोण?

जंताचं औषध झालं, सोनोग्राफी झाली, तोंडातून दुर्बीण झाली, खालूनही झाली. सगळं स्वच्छ. आता लहान मुलांच्या पोटाच्या डॉक्टर आहेत, भाग्यश्री मॅडम, त्या म्हणतात की वरची दुर्बीण जिथे थांबते आणि खालची जिथवर पोचते, त्यांच्यामध्ये कितीतरी फूट लहान आतडं राहतं. ते अजून कोणी पाहिलेलंच नाही. त्यासाठी एक गोळी असते. मोठ्या व्हिटॅमिनच्या गोळीएवढी, आत दिवा आणि कॅमेरा. गिळायची. पोटावर चकत्या चिकटवतात, कमरेला एक डबी बांधतात आणि आठ तास गोळी आतून फोटो पाठवत राहते. मग आपली आपण शौचावाटे पडते. ना भूल, ना टाके.

मी भोसरीला ज्या कंपनीत पार्ट तपासते तिथे आम्ही हेच करतो. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव पार्टच्या, भोकात बारीक कॅमेरा घालतो आणि आतली भेग शोधतो. पार्ट सोंग करतोय असं आजवर एकाही सुपरवायझरने म्हटलेलं नाही. हे ज्ञानेशला सांगितलं, तर तो म्हणाला, "ताईला विचारतो." आई गेल्यावर तुम्ही त्याला वाढवलंत, त्यामुळे तुमचा शब्द म्हणजे त्याच्यासाठी सरकारी आदेश. चाकणच्या कंपनीत दोनशे टनाचा प्रेस बंद पडला तर हा माणूस कोणालाही न विचारता उघडतो, पण पोरीच्या पोटाला ताईची सही लागते. तेव्हा सही करा. दोन ओळी त्याच्या नावाने लिहा, एवढंच मागणं.

तुमची,
स्वरूपा


परांडा
१३ जानेवारी २०२५

चि. स्वरूपा,

आशीर्वाद नेहमीचेच. उद्या संक्रांत, म्हणून गोड बोलायचं ठरवलं होतं, पण तुझं पत्र वाचून तो बेत एक दिवस पुढे ढकलला.

अडतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली. पोटदुखीचं मला शिकवू नकोस. पोटदुखी सोमवारी येते, परीक्षेच्या दिवशी येते, पाढे पाठ नसले की हमखास येते आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली की पळून जाते. तूच लिहिलं आहेस की लेकरू तासाभराने खेळायला जातं. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. तुझ्या योगिनीचं जाताना सायकलवर बसून जातं, हे कसलं दुखणं? जूनमध्ये तुम्ही तिची शाळा बदलून इंग्रजीत घातलीत. पोट जूनपासूनच दुखायला लागलं. याला कॅमेरा कशाला हवा?

रक्त कमी आहे म्हणतेस, ते मात्र खरं असेल. तुम्ही दोघं कंपनीत, लेकरू डब्यातल्या गार पोळीवर. त्याला काय कॅमेऱ्याने रक्त येणार आहे? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. लहान लेकराच्या पोटात मशीन सोडायचं आणि ते आत अडकलं तर? ज्ञानाला मी वेगळं लिहिलं आहे की घाई करू नको.

परांडा-पुणे गाडीच्या कंडक्टरकडे पार्सल दिलं आहे. तिळगूळ आहे, बाजरीचं पीठ आहे आणि योगिनीचा एक छोटा डबा आहे, तो तिचा तिला दे. आत तिच्यासाठी चिठ्ठी आहे, तू वाचायची नाही. आत्या-भाचीचं खाजगी आहे.

सुमनताई


पिंपळे गुरव
३ फेब्रुवारी २०२५

सुमनताई,

नमस्कार करते, पण आज दातओठ खाऊन करते.

आधी सांगते की गोळी दिली. तुमच्या पत्रानंतर ज्ञानेशने चार दिवस विषय टाळला. मग एका सकाळी योगू शाळेच्या गाडीत चढता चढता खाली बसली, ओठ पांढरेफटक. ते त्याने स्वतः पाहिलं आणि म्हणाला, "कर बाई काय करायचं ते." परवानगी अशी मिळाली.

मग गिळण्याचा सराव. मॅडमनी साखर भरलेल्या रिकाम्या कॅप्सूल दिल्या होत्या, लहानापासून मोठ्यापर्यंत. ज्ञानेश सेकंड शिफ्टला जायच्या आधी पोरीला समोर बसवून ट्रायल घ्यायचा. आठव्या दिवशी तिने सगळ्यात मोठी गिळली. वर्गात सांगून आली की माझ्या पोटात शूटिंग आहे. बाईंनी डायरीत लिहून पाठवलं की मुलीला खोटं बोलायची सवय लागते आहे, पालकांनी लक्ष द्यावं. त्यावर सही करताना माझं पेन कागदातून आरपार गेलं.

आदल्या दुपारपासून काही खायचं नव्हतं. फक्त शहाळ्याचं पाणी, साखरपाणी आणि पोट धुऊन काढणारं औषध. रक्ताचं औषधसुद्धा आठवडाभर आधी बंद केलं होतं, आतडं काळं दिसू नये म्हणून. पोर भुकेने रडली, मी दगडासारखी बसून राहिले. एक तारखेला सकाळी गोळी गिळली, दिवसभर कमरेला डबी बांधून फिरली. अंजलीताई बघायला आल्या, तर त्यांना म्हणाली, "हसा ना काकू, आतून फोटो येतोय." मला वाटलं, जमलं एकदाचं.

आज मॅडमनी स्क्रीनसमोर बसवलं. पहिली काही मिनिटं स्वच्छ गुलाबी आतडं. मग तपकिरी बिया. दहा नाही, वीस नाही, हजारो. प्रत्येक बीभोवती बुळबुळीत जेली आणि सगळं आतड्याला लेप दिल्यासारखं चिकटलेलं. मॅडम म्हणाल्या, "हे काय खाल्लंय हिने?" मी शपथेवर सांगितलं की काही नाही. योगू रडायला लागली.

अळिवाचे लाडू, ताई. तुमच्या खाजगी डब्यातले. चिठ्ठीही दाखवली तिने. "रोज न चुकता एक खा, रक्त वाढेल. आईला सांगू नकोस, ती डॉक्टरांच्या नादी लागली आहे." तुमच्या आज्ञाधारक भाचीने ते चित्रकलेच्या पिशवीत लपवले होते. उपाशी ठेवलेल्या दिवशी संध्याकाळी भूक लागली म्हणून एकाऐवजी तीन खाल्ले. तिला काय बोलणार? आत्या बाई आहे, आणि बाई सांगतात ते करायचं. भीक नको पण कुत्रं आवर, असं मनात आलं आणि लिहूनही टाकलं. रागावायचं असेल तर रागवा.

आता कामाचं. बियांच्या आधी एका फोटोत काहीतरी गोल दिसतं आहे. गाठ आहे की चिकटलेला लगदा, सांगता येत नाही. परत करावी लागणार. आणि मॅडमनी दुसरं एक विचारलं. योगूच्या ओठांवरचे काळे ठिपके त्यांनी आज पहिल्यांदा नीट पाहिले. एरवी ती माझा लाल लिपबाम फासून जाते. तोंड उघडून गालाच्या आतही बघितलं, तिथेही आहेत. त्यांनी विचारलं, घरात असे अजून कोणाला आहेत? आणि कोणी लहान वयात पोटाच्या दुखण्याने गेलं आहे का? ज्ञानेश म्हणाला, "तीळ आमच्या घराण्याचे आहेत, पण पोटाने कोणी गेलेलं नाही." जास्तीचं तुम्हाला ठाऊक. लिहा.

स्वरूपा


परांडा
१० फेब्रुवारी २०२५

चि. स्वरूपा,

लाडवांचं चुकलं. माझ्या हातून लेकराची तपासणी वाया गेली हे मान्य करते आणि कान धरते. तसेही ते दुसऱ्या कशाच्या उपयोगाचे उरलेले नाहीत. पण तूही मला उपासाची तारीख कळवली नव्हतीस. मला स्वप्न पडणार होतं का?

कुत्र्याच्या म्हणीबद्दल समोर आलीस की बघते.

ओठांवरच्या तिळांचं मात्र हसू आलं. अगं, ती आपल्या घराण्याची खूण आहे. ज्याच्या ओठी तीळ त्याच्या घरी धान्याची रास, असं माझी आजी म्हणायची. घरात लेकराच्या ओठावर पहिला तीळ उमटला की गल्लीत साखर वाटायची आपल्याकडे रीत. योगिनी दोन वर्षांची असताना मी स्वतः इथे घरोघर साखर वाटली, विसरलीस? माझेही होते, वयाबरोबर फिकट झाले. ज्ञानाचेही मिशीखाली असतील. घराण्याच्या खुणेत रोग शोधणारी डॉक्टर पहिल्यांदाच ऐकली.

पोटाचं आपल्या घरात कुणाला काही नाही. मधला जयसिंग काविळीने गेला. तसं लिहून दे.

इथे थंडी ओसरली. शेजारच्या दादासाहेबांच्या घरी नातवाचं बारसं झालं, खूप माणूस होतं. हरभरा चांगला आला आहे, पाठवते. माझ्या कानाचं यंत्र पुन्हा शिट्ट्या मारतं, दुकानदार म्हणतो सेल बदला, सेल बदलले तरी तेच. ज्ञानाला म्हणावं, वेळेवर जेवत जा.

सुमनताई


पिंपळे गुरव
१७ फेब्रुवारी २०२५

सुमनताई,

हरभरा मिळाला.

परवा योगूला फार झालं. चार तास. पोटात डाव्या बाजूला हाताला काहीतरी लांबट घट्ट लागत होतं, मग ते आपोआप सुटलं. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत ती बरी होऊन बाकावर बसून भेळ मागत होती. तिथल्या डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाग्यश्री मॅडम म्हणतात, थांबू नका. पण तुमचे बंधुराज आता दुसऱ्या गोळीला तयार नाहीत. म्हणतो, एकदा केलं, काही निघालं नाही, ताई म्हणते तेच खरं असेल, उन्हाळ्याच्या सुट्टीत बघू. मी सांगितलं की काही निघालं नाही कारण बिया निघाल्या. तर म्हणतो, "तू ताईवर डूख धरतेस." घरात दोन दिवस भांड्यांशिवाय कोणी बोललेलं नाही.

ताई, माझं काम पार्ट तपासायचं आहे. बारा वर्षं तेच करते आहे. एखादा सप्लायर प्रत्येक पार्टबरोबर दोन पानं रिपोर्ट पाठवतो आणि एकाच पार्टला नुसतं 'ओके' लिहून पाठवतो, तेव्हा मी तो पार्ट आधी उचलते. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही कानाच्या सेलवर दोन ओळी लिहिल्यात, तिळांवर अर्धं पान लिहिलंत आणि सख्ख्या भावाच्या मरणाला चार शब्द. तुम्ही मला आयुष्यात कशाचंही उत्तर एका ओळीत दिलेलं नाही.

ज्ञानेशच्या पाकिटात जयसिंगदादांचा शाळेतला फोटो आहे. काल तो आंघोळीला गेल्यावर मी तो मोबाईलवर मोठा करून पाहिला. ओठांवर ठिपके आहेत, योगूच्याच जागी.

काविळीने गेलेल्या मुलाचे डोळे पिवळे होतात. जयसिंगदादांचे झाले होते का? मला तुमच्यावर आरोप करायचा नाही. मला पोर वाचवायची आहे आणि तिच्या बापाला तुमच्याशिवाय कोणाचंच पटत नाही. खरं काय ते लिहा. कडू असलं तरी चालेल.

स्वरूपा


परांडा
२२ फेब्रुवारी २०२५

स्वरूपा,

हे पत्र ज्ञानाला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखव. मधे थांबू नकोस.

जयसिंगचे डोळे पिवळे झाले नव्हते.

सन ब्याऐंशी. मी वीस वर्षांची होते, नोकरीला लागून सात महिने झाले होते, आपल्याच गावच्या शाळेत. जयसिंग बारा वर्षांचा, सातवीत, माझ्याच वर्गात. ज्ञाना, तू तेव्हा दोन वर्षांचा होतास. जयसिंगचं पोट दुखायचं. पोट धरून बसायचा, ओकायचा आणि तासाभराने विट्टीदांडू खेळायला जायचा. आपले बापू त्याला कामचुकार म्हणायचे. मी नवी बाई, भावाचे लाड करते असं कुणी म्हणू नये याची मला फार काळजी. म्हणून त्याला सगळ्यांपेक्षा जास्त शिक्षा करायचे.

त्या दिवशी सोमवार होता आणि गणिताची चाचणी होती. तो बाकावरून उठून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "ताई, पोटात लई दुखाया लागलंय." मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, शाळेत मी तुझी ताई नाही, बाई आहे, आणि नाटक करणाऱ्याने मैदानाला तीन चकरा मारायच्या. त्याने दोन मारल्या.

बैलगाडीतून सडकेपर्यंत आणि तिथून उसाच्या ट्रकमधून बार्शीला नेला. डॉक्टरांनी पोट उघडलं, पण उशीर झाला होता. मला आणि बापूंना बाहेर येऊन सांगताना त्यांनी स्वतःच्या सदऱ्याची बाही अर्धी आत ढकलून दाखवली. आतड्यात आतडं असं शिरलं होतं आणि काळं पडलं होतं. मग त्यांनी विचारलं, याच्या ओठावर हे ठिपके कधीपासून? घरात आणखी कुणाला आहेत? बापू म्हणाले, ती आमची खूण आहे, शुभ असते. डॉक्टर आणखी काही सांगत होते. आम्ही ऐकण्याच्या स्थितीत नव्हतो.

तोच प्रश्न तू तुझ्या पत्रात लिहिलास. त्रेचाळीस वर्षांनी. तो वाचून मी दिवसभर उठले नाही आणि मग तुला हरभऱ्याचं लिहिलं.

काविळीची गोष्ट बापूंनी केली. माझी नोकरी जाऊ नये, माझं लग्न मोडू नये म्हणून. मेले तोवर त्यांनी मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. मग मीही तेच सांगत राहिले आणि सांगता सांगता मला ते खरं वाटायला लागलं. त्यानंतर अडतीस वर्षं जे लेकरू पोट धरून माझ्यासमोर आलं त्याला मी बाकावर परत पाठवलं. एकाचं जरी खरं मानलं असतं तर जयसिंगचं खरं मानावं लागलं असतं. तुझ्या योगिनीचंही मी म्हणूनच मानलं नाही. लाडू पाठवले, कारण रक्त कमी आहे एवढंच मानणं मला झेपत होतं.

आणि तिच्या ओठांवर तीळ आला तेव्हा मी साखर वाटली. मला ठाऊक होतं, स्वरूपा. डॉक्टरांचा प्रश्न मला ठाऊक होता. तरी वाटली. नाही वाटली असती तर लोकांनी विचारलं असतं की का नाही.

ज्ञाना, ही बाई सांगते ते कर. आज कर. माझं आयुष्यभर ऐकलंस, आता हे शेवटचं ऐक आणि इथून पुढे तिचं ऐकत जा. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नको. मला काही म्हणायचं राहिलेलं नाही.

सुमन


पिंपळे गुरव
२० मार्च २०२५

सुमनताई,

महिनाभर पत्र नाही म्हणून तुम्ही काय काय मनात आणलं असेल याची कल्पना आहे. तार करायची सोय राहिलेली नाही आणि फोनवर हे तुमच्या कानात ओरडून सांगणं मला जमलं नसतं. आधी मुख्य सांगते. योगू घरी आहे. बरी आहे. आत्ता शेजारी बसून वरणभात चिवडते आहे.

तुमचं पत्र मी वाचून दाखवलं. मैदानाच्या चकरांपाशी ज्ञानेश उठून खाली गेला आणि स्कूटरवर नुसताच बसून राहिला. अर्ध्या तासाने वर आला आणि म्हणाला, "पुढचं वाच." सगळं संपल्यावर एकच बोलला, "मॅडमला फोन लाव."

मॅडमनी जयसिंगदादांचं ऐकल्यावर दोन मिनिटंही घेतली नाहीत. आधी वाट मोकळी आहे का बघायला विरघळणारी साधी गोळी दिली, ती नीट पार झाली, मग कॅमेऱ्याची. या वेळी उपासाच्या दिवशी ज्ञानेशने सुट्टी टाकली आणि पोरीच्या दप्तरापासून गादीखालपर्यंत सगळ्याची झडती घेतली. योगू म्हणाली, "पप्पा, मी काय चोर आहे?" फोटो स्वच्छ आले. लहान आतड्यात वरच्या भागात लिंबाएवढी गाठ, देठाला लटकलेली, आणि पुढे चार-पाच बारीक. ती मोठी गाठच आतड्यात आतडं ओढत होती, सुटलं की दुखणं थांबायचं. तिच्यातूनच थेंब थेंब रक्त जात होतं. मॅडम म्हणाल्या, अजून किती वेळा आपोआप सुटलं असतं कोणी सांगू शकत नाही.

पाच मार्चला ऑपरेशन झालं. पोटाला लहान छेद देऊन, त्यातूनच आतड्यात दुर्बीण घालून मोठी गाठ आणि जमतील तेवढ्या छोट्या काढल्या. तपासणीत वाईट काही निघालं नाही. पण हा रक्तातून येणारा आजार आहे, ताई. त्याला दोन परदेशी डॉक्टरांची नावं आहेत, मला ती लिहिता येत नाहीत, मॅडमनी दिलेला कागद सोबत जोडते. गाठी पुन्हा होणार. दर दोन-तीन वर्षांनी गोळी गिळायची, आयुष्यभर लक्ष ठेवायचं. ओठांवरचे ठिपके मोठेपणी फिकट होतात, आतलं होत नाही. म्हणून ज्ञानेशची तपासणी लावली आहे आणि तुमचीही. दोन एप्रिल. तुम्हाला आणायला तो येतो आहे. नाही म्हणू नका, तुमचं 'नाही' ऐकायची सवय आता मोडली आहे त्याची.

रागावला आहे का, असं तुम्ही विचारणार. हो. ऑपरेशनपर्यंत तुमचं नाव काढलं नाही त्याने. मग एकदा दवाखान्याच्या कँटीनमध्ये चहा पिता पिता म्हणाला, "वीस वर्षांची होती गं ती. आपल्याकडे ट्रेनी असतात तेवढी."

आता माझं. तुम्ही एवढं लिहिलंत, तर मीही लिहिते, नाहीतर तुमच्यासमोर मान वर करून बसता येणार नाही. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मी पहिल्या दिवसापासून सांगते आहे हिला खरंच दुखतंय. खोटं आहे ते. जून, जुलै, ऑगस्ट, मी तिला ओढत शाळेच्या गाडीत घालत होते. कंपनीत हजेरीचं पंचिंग साडेआठला, सुट्ट्या संपलेल्या, आणि हिचं रोज सकाळी पोट. ऑगस्टमध्ये एकदा तिने गाडीची दांडी सोडली नाही म्हणून मी तिच्या थोबाडीत मारली. रस्त्यावर, सगळ्यांसमोर. म्हणाले, नाटक बंद कर. ती गाडीत चढली आणि खिडकीतून माझ्याकडे बघत गेली. हिमोग्लोबिनचा रिपोर्ट सप्टेंबरचा आहे. कागदावर आकडा आला तेव्हा माझा विश्वास बसला, पोरीने सांगितलं तेव्हा नाही. दिवसभर न बोलणाऱ्या लोखंडाचं ऐकून घेते मी आणि बोलणाऱ्या लेकराचं ऐकलं नाही. तेव्हापासून सगळा राग तुमच्यावर काढत आले. तुम्ही सोयीच्या होतात, लांब होतात, आणि चूक तुमचीही होतीच.

परवा टाके काढून आलो. रिक्षात ती म्हणाली, "आई, मला खरंच दुखत होतं हे आता आत्याला कळलं का?" मी म्हटलं, कळलं. "बाईंना?" डायरीत लिहून देऊ म्हटलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तुला?"

मी तिची माफी मागितली, ताई. आठ-नऊ वर्षांच्या मुलीची कशी मागतात ते ठाऊक नव्हतं, भोसरीच्या सिग्नलला रिक्षा थांबलेली, रिक्षावाला आरशातून बघतोय आणि मी रडतेय. तिने माझा हात धरला नाही की गळ्यात पडली नाही. विचार केला आणि म्हणाली, "ठीक आहे. पण पुढच्या वेळी मी सांगेन तेव्हाच ऐकायचं."

स्वरूपा